हाम्बुर्गचा श्निटगर ऑर्गन: १६९३कडे परत नेला ते योग्य झालं का?

सुरमग्न:
हाम्बुर्गच्या सेंट याकोबी या लुथेरन चर्चमधला पाइप ऑर्गन ऑर्गन घडवणारा कारागीर आर्प श्निटगर याने १६९३ मध्ये पूर्ण केला. चार कीबोर्ड, खाली पेडल, ६० स्टॉप (म्हणजे वेगवेगळ्या आवाजांचे नळ्यांचे संच) आणि सुमारे ४००० नळ्या. इथल्या वादकाच्या जागेसाठी १७२० मध्ये खुद्द संगीतकार बाखने अर्ज केला होता. १९१७ मध्ये दर्शनी नळ्या युद्धासाठी वितळवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात बाकीच्या नळ्या वेळीच काढून ठेवल्या म्हणून वाचल्या. लाकडी सांगाडा १९४४च्या बॉम्बहल्ल्यात चर्चबरोबर जळाला. पुढे ऑर्गन-कारागीर युर्गेन आरेंडने १९८९ ते १९९३ अशी चार वर्षं खपून वाद्य श्निटगरच्या घडणीकडे परत नेलं. माझ्या मते हेच करायला हवं होतं.

पंचम:
मला नाही पटत. सांगाडा नवा, कीबोर्ड नवे, दर्शनी नळ्याही नव्या. मग १६९३ उरलं कुठे? श्निटगरने स्वतः शेरर, फ्रिट्शे या आधीच्या कारागिरांच्या नळ्या बिनदिक्कत वापरल्या. त्याने न पाळलेलं सोवळं आपण का पाळायचं? आणि अडचणी बघा: इथला 'ए' हा स्वर ४९५ हर्ट्झचा, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा चांगला एक पूर्ण स्वर वर. साथीला आलेल्या ट्रम्पेटवाल्याने काय करायचं? कीबोर्डवर खालच्या सप्तकात काही स्वरांच्या पट्ट्याच नाहीत. बाखच्याही कित्येक रचना फेरफार केल्याशिवाय तिथे वाजत नाहीत. रविवारच्या उपासनेला लोक येतात, ते संग्रहालय बघायला नव्हे.

एल्बेकाठची:
पंचम, मी हाम्बुर्गलाच असते. एकदा तिथे बसून ऐका. सी मेजरचा साधा कॉर्ड धरला तरी तो गजबजत नाही, स्वच्छ उभा राहतो. पेडलचा ३२ फुटी पोझाउने (ट्रॉम्बोनसारख्या आवाजाचा, अतिखर्जातला स्टॉप) सुरू झाला की बसल्या बाकाचं लाकूड थरथरतं. आणि नंतरच्या काळातल्या संगीतासाठी चर्चमध्ये दुसरा ऑर्गन आहेच की!

षड्ज_पुणे:
एल्बेकाठचीताई म्हणतात ते आपल्याला पटायला हवं. पेटीचा गांधार शुद्ध गांधारापेक्षा साधारण १४ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढा असतो आणि गवयाच्या कानाला तो टोचतो. सेंट याकोबीचं मीनटोन वळणाचं, म्हणजे गांधार शुद्धाजवळ ठेवणाऱ्या जुन्या पद्धतीचं ट्यूनिंग तीच बोच जवळजवळ काढून टाकतं. किंमत एवढीच, की खूप शार्प-फ्लॅट (म्हणजे काळ्या पट्ट्यांचे स्वर) असलेल्या स्केलमध्ये स्वर आंबट लागतात.

पंचम:
'एवढीच'? अर्ध्याअधिक संगीताला दार बंद होतं आणि त्याला एवढीच म्हणायचं? दुसरा ऑर्गन आहे म्हणता, म्हणजे रोजचं काम त्याने करायचं आणि मान याने घ्यायचा. आज कुणा संगीतकाराला या चर्चसाठी लिहायचं असेल, तर त्याने १६९३च्या चौकटीतच राहायचं का?

सुरमग्न:
हो, राहावं, चौकटीत उत्तम लिहिता येतं. पण मुद्दा वेगळा आहे. १९२०च्या दशकात हान्स हेनी यान हा लेखक या वाद्यासाठी झटला आणि ऑर्गनवादक ग्युंटर रामिनने ते मैफलीत वाजवलं, ते त्याचा आवाज जुना होता म्हणूनच. त्याआधीच्या पिढ्यांनी काळाप्रमाणे आवाज बदलून टाकला असता, तर १९४२ मध्ये या नळ्या वाचवायला कोण धावलं असतं?