नारिताहून असाकुसा, पहिल्यांदाच आणि एकटीने

सदाफुली
नोव्हेंबरमध्ये टोकियोला निघालेय. वय ५८, पासपोर्ट कोरा. रात्रीच्या विमानाने सिंगापूर, तिथे विमान बदलून संध्याकाळी साडेपाचला टोकियोच्या नारिता विमानतळावर. लेक ओसाकात नोकरी करते, तिला त्या दिवशी रजा नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने येईल. म्हणजे पहिली रात्र मी आणि माझी बॅग. हॉटेल टोकियोतल्याच असाकुसा भागात.

‘काही होत नाही, घाबरू नकोस’ हे सगळ्यांचं सांगून झालंय, ते इथे नको. विमानातून उतरल्यापासून हॉटेलच्या दारापर्यंत नेमकं काय काय घडतं ते सांगा. लेक म्हणते स्कायलायनर ही विमानतळाची जलद रेल्वे घे, भाऊ म्हणतो टॅक्सी कर. गुडघे कुरकुरतात, जिने नकोत. थायरॉइडची गोळी रोजची आहे आणि सर्दी-खोकल्याच्या औषधाशिवाय मी गावालासुद्धा जात नाही. आणि मुख्य म्हणजे, झोपायचं कधी?

खिडकीवाला
भावाचं ऐका. टॅक्सी! या वयात पैसे कशाला वाचवायचे?

दिवाभीत
खिडकीवाले, नारिता टोकियोच्या मध्यापासून साठ किलोमीटरच्या पुढे आहे. टॅक्सीला वीस हजार येनच्या आसपास मोजावे लागतात. हानेदाला, म्हणजे टोकियोच्या जवळच्या दुसऱ्या विमानतळावर उतरणार असता तर मीही टॅक्सीच म्हटलं असतं.

सदाफुली, स्कायलायनर वेगवान आहे यात वाद नाही, पण ती निप्पोरी आणि उएनोला जाते. तिथून असाकुसासाठी पुन्हा गाडी बदला, बॅग ओढा, गुडघे आहेतच. त्यापेक्षा केइसेई कंपनीचीच ‘अ‍ॅक्सेस एक्स्प्रेस’ घ्या. तास-सव्वा तास लागतो, पण थेट असाकुसाला सोडते. ही गाडी पुढे तोएई असाकुसा या भुयारी मार्गावर धावते, म्हणून पाटीवर बऱ्याचदा ‘हानेदा विमानतळ’ लिहिलेलं असतं. एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळाची गाडी कशी पकडायची, असं वाटून सोडून देऊ नका, तीच तुमची. या गाड्या पाठोपाठ येत नाहीत, एक चुकली तर अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. स्टेशन विमानतळाच्या इमारतीखालीच आहे आणि लिफ्टने जाता येतं.

आता उतरल्यावरचं. व्हिसा ई-व्हिसा असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून जपान सरकारच्या संकेतस्थळावरच उघडून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. निघताना चेक-इनलाही विचारतात. नारिताला मोफत वायफाय आहे, पण मी ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच सुरू होणारं सिम) आधीच घालून ठेवायला सांगेन. ‘व्हिजिट जपान वेब’ या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टमची माहिती घरीच लेकीकडून भरून घ्या, क्यूआर कोड मिळतो. इमिग्रेशनला दोन्ही हातांच्या तर्जनीचे ठसे आणि फोटो घेतात. २००७ पासून हे सगळ्याच परदेशी पाहुण्यांचं घेतात, आपल्यावरच संशय आला असं समजू नका. प्रश्न फारसे विचारत नाहीत. हॉटेलचा पत्ता तेवढा जपानी लिपीतही कागदावर असू द्या, तोच नंतर रस्त्यात दाखवता येतो.

औषधांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. थायरॉइडची गोळी महिन्याभराची, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट न्या. त्याहून जास्त दिवसांची न्यायची तर आधी ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन आहे का, खोकल्याच्या औषधात कोडीन आहे का, ते वेष्टनावर वाचा. दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध आधी परवानगी घेतल्याशिवाय जपानमध्ये नेता येत नाही, तिथे ते उत्तेजक द्रव्यांच्या कच्च्या मालात मोडतं. कोडीनवरही कडक बंधनं आहेत. दोन्ही घरी ठेवा. साधं पॅरासिटामॉल पुरे.

पैसे: विमानतळावरच सेव्हन बँकेच्या एटीएममधून थोडे येन काढा, परदेशी कार्ड चालतं. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेत ना, ते निघण्याआधी बघा.

सदाफुली
सर्दीच्या गोळीचं पाकीट आत्ता चष्मा लावून वाचलं. आहे हो त्यात! बॅगेतून बाहेर काढली. झोपेचं कुणी सांगा ना. आणि सिंगापूरला बॅग घ्यायची का?

पहाटपक्षी
दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर बॅग बहुधा थेट नारितालाच जाते. बॅगेच्या पट्टीवर ‘एनआरटी’, म्हणजे नारिताची खूण, लिहिलंय ना, ते काउंटरवरच बघून घ्या. तिकिटं वेगळी काढली असतील तर आधी विचारा, तो सगळाच वेगळा प्रकार आहे.

झोप पहिल्या विमानात, येईल तेवढी. दुसऱ्यात डोळे मिटू नका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तुम्ही उतराल तेव्हा शरीराच्या हिशेबाने दुपारचे दोन! दुपारी विमानात झोपलात तर रात्री छताकडे बघत पडाल. पूर्वेकडे जाताना झोप अलीकडे ओढावी लागते आणि ते अवघड जातं, म्हणून सकाळी लवकर उठून उजेडात फिरा. असाकुसातल्या सेन्सोजी मंदिराचं आवार पहाटेही उघडं असतं.

सीट कडेची घ्या, तासाभराने उठता येतं. पाय लोंबकळत ठेवून बसू नका, घोटे फिरवत राहा.

दिवाभीत
एक राहिलं. असाकुसा नावाची स्टेशनं चार आहेत. त्यातलं त्सुकुबा एक्स्प्रेस या रेल्वेमार्गाचं बाकीच्यांपासून चांगलं अर्धा किलोमीटरहून जास्त लांब आहे. तुम्ही तोएईच्या स्टेशनला उतराल. तिथे सगळ्या दारांना लिफ्ट नाही, तेव्हा हॉटेलच्या बाजूचं लिफ्टवालं दार कोणतं, ते लेकीला हॉटेलकडे फोन करून विचारायला सांगा. दाराचा क्रमांक तळहाताएवढ्या अक्षरात लिहून घ्या.

सदाफुली
लेकीला धाग्याचा दुवा पाठवला. तिचं उत्तर: ‘स्कायलायनरच बरी होती, पण ठीक आहे.’