पी१०चं (दहाव्या पॅसेजच्या, म्हणजे दहाव्यांदा वाटून पेरलेल्या पेशींवरचं) मीडियम, म्हणजे पोषणद्रव, पी३वर टाकलं की पी३ही थकतात. स्रावाचा परिणाम, की कंट्रोल चुकतोय?

जेली_ठाणे
नाळेच्या वॉर्टन्स जेलीतल्या मेसेन्कायमल मूलपेशी आहेत. मीडियम अल्फा-एमईएम, त्यात १०% एफबीएस (गाईच्या भ्रूणाचं सीरम), टी-७५ (७५ चौरस सेंटिमीटरचे) फ्लास्क, दर वेळी १:३ वाटप, म्हणजे एका फ्लास्कचे तीन. पी४पर्यंत दुप्पट व्हायला साधारण ३० तास लागतात, पी९ला ७०च्या वर जातात. पी१०वर ४८ तास ठेवलेलं मीडियम ०.२२ मायक्रॉनमधून गाळून ताज्यात निम्मं मिसळलं आणि पी३वर टाकलं. सहा दिवसांत तिथेही बीटा-गॅलच्या (म्हाताऱ्या पेशी ओळखायच्या रंगचाचणीच्या) निळ्या पेशी वाढल्या. कंट्रोल म्हणजे नुसतं ताजं मीडियम. म्हातारपण स्रावातून पसरतंय असं यावरून म्हणता येईल का?

पेशी_खारघर
अजून नाही. ताजं मीडियम हा इथे कंट्रोलच नव्हे. पी१०ने ४८ तासांत ग्लुकोज खाल्लं आणि लॅक्टेट सोडलं, त्याचाही फटका पी३ला बसतो. कंट्रोल हवा तो पी३वरच ४८ तास ठेवलेल्या मीडियमचा, आणि तोही पेशींच्या संख्येशी जुळवलेला. म्हाताऱ्या पेशी पसरट असतात, त्यामुळे डोळ्यांना सारखेच भरलेले दोन फ्लास्क मोजल्यावर निम्म्या-दुप्पट निघू शकतात. दोन्ही फ्लास्क मोजा आणि दर लाख पेशींमागे मीडियमचं प्रमाण सारखं ठेवा. अल्फा-एमईएममध्ये ग्लुकोज लिटरला १ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. साध्या ग्लुकोमीटरवरही दोन्ही मीडियमची तुलना होते. तो रक्तासाठी बनवलेला असल्यामुळे आकडा अचूक मानू नका, फरक तेवढा पाहा.

दुसरी शंका मायकोप्लाझ्माची, म्हणजे कल्चरला लागणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूची, आणि ती मी सगळ्यात आधी फेडून घेईन. त्याला पेशीभित्तिका नसते, ०.२२चा फिल्टर त्याला अडवेलच असं नाही. पी१०ला लागण असेल तर तुम्ही निरोप नव्हे, जंतू पोहोचवताय. आयएल-६, म्हणजे म्हाताऱ्या पेशीही सोडतात ते दाहाचं प्रथिन, त्यानेही वाढतं. दोन्ही फ्लास्कची पीसीआर करा. तपासणीआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवा, नाहीतर लागण दबून राहते.

तिसरं, बीटा-गॅल. रंगाचं द्रावण पीएच ६.०लाच हवं आणि रात्रभर ३७ अंशांना ठेवायचं ते साध्या इनक्युबेटरमध्ये. सीओटू इनक्युबेटरमध्ये पीएच उतरतो आणि तरुण पेशीही निळ्या होतात. सहा दिवसांत पी३चा फ्लास्क गच्च भरला असेल तर नुसत्या दाटीनेही निळा रंग येतो. म्हणून जोडीला पी१६, पी२१ (हे पॅसेज नव्हेत, विभाजन थांबवणारी प्रथिनं) आणि ईडीयू (विभागणाऱ्या पेशी दाखवणारी चाचणी) घ्याच.

अंतर_रबाळे
वरचं सगळं पटतं. पण स्राव हा एकच रस्ता नाही, हे प्रयोग मांडतानाच धरून चला. म्हातारी पेशी आयएल-६, आयएल-८, एमसीपी-१, टीजीएफ-बीटा ही निरोप देणारी प्रथिनं सोडते. त्यातलं टीजीएफ-बीटा शेजारच्या पेशीत पी१५ आणि पी२१ ही प्रथिनं चढवून तिचं विभाजन थांबवू शकतं. शिवाय कोनेक्सिन-४३ या प्रथिनाच्या गॅप जंक्शनमधून (चिकटलेल्या पेशींमधल्या नळ्यांतून) छोटे रेणू थेट जातात, नॉच या पडद्यावरच्या प्रथिनाचा निरोप पडद्याला पडदा लागल्यावरच मिळतो, आणि पुटिका, म्हणजे पेशी बाहेर सोडते त्या सूक्ष्म पिशव्या, वेगळ्याच.

सहा वेल्सची प्लेट घेऊन तीन मांडण्या करा: कंडिशन्ड मीडियम (म्हाताऱ्या पेशींवर ठेवून काढलेलं), ०.४ मायक्रॉनचा ट्रान्सवेल (सच्छिद्र पडद्याने पेशी वेगळ्या ठेवणारा कप), आणि थेट मिसळलेल्या पेशी, एक म्हातारी तर दहा तरुण. परिणाम फक्त तिसऱ्यात दिसला तर स्पर्शाचा रस्ता. ट्रान्सवेलमध्येही दिसला तर विरघळलेले रेणू किंवा पुटिका, कारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या एक्झोसोमना (लहान पुटिकांना) ०.४चं छिद्र म्हणजे सताड उघडं दार.

मिसळलेल्यांत ओळख पटवायला पीकेएच-२६सारखे चरबीत विरघळणारे रंग नकोत. ते पुटिकांसोबत शेजारी जातात आणि तरुण पेशीही रंगीत दिसते. लेन्टिव्हायरसने जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) घातलेल्या पी३ वापरा. गॅप जंक्शन बंद करायला कार्बेनॉक्सोलोन १०० मायक्रोमोलर चालतं, पण ते इतरही बऱ्याच गोष्टी बिघडवतं. कोनेक्सिन-४३चा एसआयआरएनए (तेवढंच प्रथिन बनणं दाबणारा आरएनए) घेतला तर निष्कर्षावर जास्त विसंबता येतं.

जेली_ठाणे
मायकोप्लाझ्माची पीसीआर आज लावतो. पुटिका वेगळ्या करायला अल्ट्रासेंट्रिफ्यूज ठाण्यात हाताशी नाही, खारघरला न्यावं लागेल. फ्लास्क नेऊ की मीडियम?

पेशी_खारघर
मीडियमच आणा, पण पेशी काढून. सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीवर (गुरुत्वाच्या ३०० पट) १० मिनिटं, वरचं उचलून २,००० जीवर २० मिनिटं, मग बर्फात. पेशी तशाच राहून मीडियम गोठलं तर त्या फुटतात आणि तो कचरा पुटिकांमध्ये मोजला जातो. इथे आधी १०,००० जीवर ३० मिनिटं, मग १,००,००० जीवर ७० मिनिटं. मीडियम गोळा करतानाचं सीरम आधीच १,००,००० जीवर १८ तास फिरवलेलं हवं, नाहीतर गाईच्याच पुटिका मोजाल. खाली बसलेलं आणि वर उरलेलं, दोन्ही वेगवेगळं पी३वर टाकून पाहा. अनेकजण वरचं ओतून देतात आणि अर्धा प्रश्न तिथेच निसटून जातो.

घनता_नेरूळ
१:३ वाटप आजपासून सोडा. पॅसेजचा आकडा पेशीचं वय सांगत नाही. प्रत्येक वेळी मोजून ३.३२ × लॉग१०(काढलेल्या ÷ पेरलेल्या), म्हणजे किती वेळा दुप्पट झाल्या ते, लिहून ठेवा. ३ लाखांचे २४ लाख झाले तर तीन दुपटी. चौरस सेंटिमीटरला ४,००० पेरा, म्हणजे टी-७५ला ३ लाख. ७० ते ८० टक्क्यांवर उचला, मीडियम दर दोन-तीन दिवसांनी बदला.

फ्लास्क गच्च भरू दिला तर भराभर वाढणाऱ्या पेशी स्पर्शाने थांबतात, म्हाताऱ्या तशाच बसून स्राव सोडत राहतात, आणि पुढच्या पेरणीत त्यांचं प्रमाण वाढलेलं असतं. चौरस सेंटिमीटरला १०० इतकं विरळ पेरलं तर एकमेकींचा त्रास कमी होतो, पण एकाच पॅसेजमध्ये दुपटी जास्त खर्च होतात आणि फ्लास्कही बरेच लागतात. बँकेसाठी (गोठवून ठेवायच्या साठ्यासाठी) मी ४,०००च धरेन, विरळ पेरणी फक्त सीएफयूच्या (एकेका पेशीपासून वसाहत होते का, त्या) चाचणीला.

पी१० बाजूला ठेवा, पी३ आणि पी६ दोन्ही ४,०००ने पेरून दुपटी मोजा. पेरणी सारखी असूनही पी६ मागे पडले तर पुटिकांच्या प्रयोगाला हात घाला. वेग सुधारला तर दोष वाटपाचा होता.