शब्दचर्चा : इंग्रजी 'किड'ला स्लोव्हेनियनमध्ये काय म्हणायचं?

मी ल्युब्ल्यानात नोकरीला आहे, भाषा अजून मोडकीतोडकीच येते. एका मित्राच्या शॉर्टफिल्मला सबटायटल्स करून देतोय आणि एका ओळीवर तीन दिवस अडकलोय. आजोबा दारातून आत येतात आणि विचारतात 'व्हेअर आर द किड्स?', आजी काहीतरी सांगते, त्यावर हे म्हणतात 'यू आर किडिंग मी!' डिक्शनरीत 'किड'समोर ओत्रोक, मुलेत्स, कोझ्लिचेक असं सगळं एकाखाली एक दिलंय, आता यातलं घ्यायचं कुठलं? कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

—

कोझ्लिचेक आधी बाजूला काढा, ते शेळीचं करडू. इंग्रजीतही 'किड'चा मूळ अर्थ करडूच, शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आलाय, माणसाच्या पोराला लोक किड म्हणायला लागले ते बरंच नंतर आणि तेही आधी बाजारू बोलीत. स्लोव्हेनियनमध्ये करडू आणि पोर यांची अशी सरमिसळ झालेली नाही, त्यामुळे आजोबांच्या तोंडी कोझ्लिचेक घातलंत तर आजी गोठ्यात बघून येईल.

ओत्रोक म्हणजे मूल. शाळेच्या फॉर्मवर हाच, आणि आई पोटच्या पोराबद्दल बोलते तेव्हाही हाच. मुलेत्समधला शेवटचा 'त्स' म्हणजे आपल्या 'चांगला'मधला च, 'चिमणी'मधला नव्हे, तो जमला की शब्द जमला. बोलताना तो आखडून 'मुल्त्स' होतो. कानाला अगदी आपल्या 'मूल'सारखा लागतो ना, पण नातं काही नाही, नुसता योगायोग. आणि अर्थ 'मूल' नाहीच, 'कार्टं' आहे. क्रिकेटचा बॉल खिडकीवर बसल्यावर आपण जे ओरडतो ते. सगळी गँग मिळून 'मुलारिया', म्हणजे आपली पोरंटोरं. त्याहून चिडलात तर 'स्मर्कावेत्स', हा 'स्मर्केल्य' म्हणजे शेंबूड यावरून, तर सरळ आपलं शेंबडं पोर! हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू, एवढ्या लांबच्या भाषेत पोरावर राग काढायला तेच नाक सापडावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आधी बोलणारा कोण आणि कुठल्या मूडमध्ये आहे ते ठरवा, शब्द नंतर. इंग्रजी किड लाडालाही चालतो आणि रागालाही, स्लोव्हेनियनमध्ये सूर वेगळा तर शब्द वेगळा. लाडाने म्हणायचं तर 'ता माली', म्हणजे आमचा छोटा. आणि 'व्हेन आय वॉज अ किड' आलं तर किड शोधत बसूच नका, 'को सेम बिल मायहेन' म्हणा, शब्दशः 'मी लहान होतो तेव्हा', आपणही 'लहानपणी'च म्हणतो की.

दुसऱ्या वाक्याचं सोपं आहे. 'शालिम से' म्हणजे मी थट्टा करतोय, हे नीटनेटकं. घरात, रस्त्यात लोक म्हणतात 'हेत्साम से', हा 'हेत्स' ऑस्ट्रियाकडच्या जर्मनमधून आलेला, तिथे 'हेट्स' म्हणजे मजा. माझी सासू मारिबोरची. भारताचं तिकीट किती पडलं ते सांगितलं तेव्हा तिच्या हातातला डाव सूपच्या भांड्यातच राहिला आणि ती म्हणाली 'ने मे हेत्सात!' म्हणजे 'चल, काहीतरीच काय!' तुमच्या आजोबांना हेच द्या.

आता मुख्य प्रश्न. फिल्ममध्ये पोरं किती आहेत? हे कळल्याशिवाय पहिली ओळ होणारच नाही.

—

पोरं किती याने काय फरक पडतो? इंग्रजीत नुसतं किड्स आहे.

—

पडतो ना, हीच तर या भाषेची खरी गंमत. संस्कृतात बालः, बालौ, बालाः पाठ केलं होतं ना शाळेत? मराठीने ते द्विवचन टाकून दिलं, स्लोव्हेनियनने रोजच्या बोलण्यात जपून ठेवलंय. एक मूल एन ओत्रोक, दोन द्वा ओत्रोका, तीन त्रिये ओत्रोत्सी, चारही ओत्रोत्सीच, आणि पाच झाली की पेत ओत्रोक, म्हणजे लिहिताना परत पहिल्यासारखंच दिसतं कारण पाचपासून पुढे षष्ठी लागते. क्रियापदही बदलतं, दोघांना 'स्ता', जास्तीला 'सो'. दोन पोरांच्या घरात कोणी 'सो' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल आज शेजारची पण आलीत.

—

यात थोडी भर. ओत्रोक हाच शब्द चेकमध्ये गुलाम या अर्थी आहे, तेव्हा प्रागला गेलात तर जपून. आणि 'मुलगी'साठी म्हणजे पोरीसाठी 'देक्ले' शब्द आहे तो व्याकरणात नपुंसकलिंगी, आपल्या 'पोरगं', 'कार्टं'सारखा. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे जड जातं, मराठी माणसाला अजिबात नाही.

—

थँक्यू सगळ्यांना! दोनच आहेत, भाऊ आणि बहीण. आणि आजोबा चिडलेले नाहीत, खाऊ घेऊन आलेत.

—

मग मुल्त्स नको. 'क्ये स्ता ओत्रोका?' आणि आजीचं बोलणं झालं की 'ने मे हेत्सात!'