मदत हवी आहे: दुपारची पायवाट, मध्येच वारसा रेल्वे

९ किलोमीटरची वाट, ३०० मीटर चढ. चालायला लागणारा वेळ काढायच्या, स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथच्या १८९२ च्या नियमाने (ताशी ५ किमी, दर ६०० मीटर चढाला तासभर जादा) साधारण २ तास २० मिनिटं, विश्रांती वेगळी. वाटेतल्या छोट्या थांब्यावर वारसा रेल्वेची (जपून चालवलेल्या जुन्या रेल्वेची) वाफेची गाडी मिळाली तर शेवटचे ४ किमी गाडीत बसूनच जातील. आयत्या वेळी असं चढायचं तर थांब्यावर हात दाखवणं पुरतं, की गार्डला आधी कळवावं लागतं? एकेरी तिकीट गाडीतच मिळतं का? कडक उन्हाळ्यात ठिणग्यांनी गवत पेटू नये म्हणून वाफेच्या इंजिनाऐवजी डिझेल इंजिन जोडतात. तेव्हा वेळापत्रकही बदलतं का? शेवटची गाडी हुकली तर अंधार पडेल, म्हणून परतीला किती वेळ हाताशी ठेवावा, हे नक्की सांगा.