सफाईनंतर वाढत जाणारा नडगीवरचा व्रण

प्रश्न
आईच्या (वय 58) नडगीवर पाच महिन्यांपासून व्रण आहे. सुरुवात लहानशा पुळीने झाली. आता तो तळहाताएवढा असून त्याच्या कडा जांभळट व आतून पोखरलेल्या आहेत. मधुमेह नाही, डॉपलर तपासणीत रक्तप्रवाह व्यवस्थित आढळला. शस्त्रक्रियेने मृत भाग दोनदा काढला आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात व्रण पसरला. आता तिसऱ्यांदा सफाई सुचवली आहे. होकार द्यावा का?

त्वचारोगतज्ज्ञ
तूर्त थांबावे. वर्णनावरून पायोडर्मा गँग्रिनोसमची शंका येते. 1930 साली हे नाव देणाऱ्यांना तो जंतुसंसर्ग वाटला होता, प्रत्यक्षात तो संसर्गही नाही आणि गँग्रीनही नाही. यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी स्वतःच्याच त्वचेवर उलटतात आणि त्वचेला इजा झाली की व्रण वाढतो, ज्याला पॅथर्जी म्हणतात. मात्र हे निदान इतर शक्यता वगळूनच करता येते, म्हणून पॅथर्जीच्या धास्तीने बायोप्सी टाळू नये. नमुना व्रणाच्या कडेचा घ्यावा, कारण जुन्या व्रणातील कर्करोग बहुधा तिथेच सापडतो. ऊतीचा दुसरा तुकडा कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्यासाठी) पाठवताना बुरशी व मायकोबॅक्टेरिया (क्षयरोगाच्या जंतूंचे कूळ) यांचा स्पष्ट उल्लेख करावा. यांतील काही जंतू 30 अंशांच्या आसपासच नीट वाढतात आणि प्रयोगशाळेला कळवले नाही तर निसटतात.

शल्यचिकित्सक
वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, पण एक सावधगिरी हवी. दीर्घकाळ उच्च रक्तदाब असलेल्यांना होणारा मार्टोरेल व्रण हुबेहूब असाच दिसतो, कमालीचा दुखतो, आणि त्यावर उपचार नेमके उलटे असतात: मृत भाग काढून त्वचारोपण. तो ओळखायचा तर बायोप्सी चरबीच्या थरापर्यंत खोल घ्यावी लागते, अन्यथा दोषी धमनिका नमुन्यात येतच नाहीत.

प्रश्नकर्ता
रक्तदाब सामान्य आहे. मात्र वर्षभर शौचातून अधूनमधून रक्त जाते. ते मूळव्याधीचे असावे, असे आम्ही समजत होतो.

त्वचारोगतज्ज्ञ
ही माहिती फार महत्त्वाची आहे, कारण आतड्याच्या दाहाशी या व्रणाचा जवळचा संबंध आहे. बायोप्सीबरोबरच कोलोनोस्कोपीही (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) करून घ्यावी. संसर्ग व कर्करोग वगळल्यावर सहसा प्रेडनिसोलोन किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, 121 रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत दोन्ही औषधांनी सहा महिन्यांत जेमतेम निम्मे व्रण भरले, त्यामुळे धीर धरावा लागेल. आतड्याचा दाह सिद्ध झाल्यास इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या जैविक औषधाचा विचार करता येतो, परंतु ते सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक आहे. तोपर्यंत मलमपट्टी न चिकटणारी असावी आणि जखम खरवडू नये.