अनुभव धागा: मैदानाला कुलूप लावल्यावर तुम्ही काय करता?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या एका तरुण प्रशिक्षकाने नोकरी सोडली. गुणी मुलगा, पोरांना जीव लावणारा. निरोपाच्या दिवशी चहा घेताना म्हणाला, "सर, मैदानावरून घरी गेलो की कुणाशी काय बोलायचं तेच सुचत नाही. रविवार आला की धडकी भरते." म्हापशाकडच्या एका कॉलेजात मी एकवीस वर्षं फिजिकल डायरेक्टर आहे. तो माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा आणि मला याचा पत्ता नव्हता. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हा धागा.

बाकीच्यांचं काम संपलं की ते खेळायला जातात, निदान खेळ बघायला तरी. आपलं काम तेच. पहाटे साडेपाचला मैदान उघडायचं, मग लेक्चरं, प्रवेशिका, प्रवासभत्त्याची बिलं, साडेतीनला पुन्हा मैदान. पावसाळा संपला की वेग वाढतो आणि डिसेंबर-जानेवारीत वार्षिक स्पर्धा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, निवड झालेल्या पोरांना घेऊन परराज्यात जाणं, असं सगळं एकावर एक येऊन पडतं. त्यात आपला गोवा फुटबॉलचा. ॲथलेटिक्सच्या पोरांना गोलपोस्टच्या मागची पट्टी मिळाली तरी आम्ही खूश असतो.

माझ्यापुरतं सांगतो. मला वाचनालयाने तारलं. महिन्यातून दोन शनिवार मी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात जातो. 1832 सालापासूनची संस्था आहे ती. मराठी विभागात जाऊन बसतो, जुनी प्रवासवर्णनं वाचतो. शिट्टी नाही, स्टॉपवॉच नाही. तीन तास कुणी "सर" म्हणून हाक मारत नाही. सुरुवातीला अर्ध्या तासात पाय उठायला बघायचे. वर्षभराने पाय शांत झाले.

तुम्ही काय करता? कॉलेजच्या मैदानाशी नातं असलेल्या कुणीही लिहा. प्रशिक्षक, पंच, मैदान राखणारे, घरची माणसं, सगळ्यांनी. कॉलेजचं नाव नको, स्वतःचंही नको. गाव किंवा तालुका पुरे.

पेडण्याहून, मैदान राखणारा

सरांनी लिही म्हटलं म्हणून लिहितोय. लिहायची सवय नाही, मुलगी टाइप करतेय.

मी सत्तावीस वर्षं मैदान आखतो. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी खुंट्या, सुतळी, टेप आणि चुन्याची फक्की घेऊन बसायचं. आमची माती जांभ्याची, तांबडी. तिच्यावर पांढरी रेघ ओढली की किती सुंदर दिसते ते मला शब्दांत सांगता येणार नाही. पहाटे दव पडतं, रेघ जरा फुगते. कुणाची गुरं रात्री आत शिरली तर पहाटे चारला सगळं परत. असं पुष्कळदा झालंय.

नवीन पोरं विचारतात, दुसऱ्या लेनवाल्याला पुढे का उभं करता? बाहेरचं वळण लांब पडतं म्हणून. लेन 1.22 मीटरची, आतल्या बाजूला उभी कडा असेल तर एका पूर्ण फेरीला दुसऱ्या लेनला 7.04 मीटर पुढे घ्यायचं. नुसती फक्कीची रेघ असेल तर 7.67. तिसरीला त्याच्यापुढे आणखी 7.67. मैदान दोनशे मीटरचं असो की चारशेचं, हा आकडा बदलत नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर कागदावर वर्तुळं काढत बसलो होतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी.

विरंगुळा म्हणाल तर घुमट, आमचं मातीचं वाद्य. मातीच्या घुमटाच्या तोंडावर कातडं ओलं करून चढवायचं, दोरीने आवळायचं आणि पुरतं सुकेपर्यंत हात लावायचा नाही. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, त्याला आता बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. आम्ही बकऱ्याचं वापरतो. चवथीला हवेत ओल असते, कातडं सैल पडतं, मग आरतीआधी ते चुलीजवळ धरून तापवावं लागतं. बोटाने टिचकी मारून बघायचं. आवाज "घुम्म" असा आतून आला की झालं. पाच दिवस आम्ही घरोघरी आरत्या करत फिरतो, रात्री दोन वाजतात, सकाळी हात सुजलेले असतात. त्या पाच दिवसांत मला मैदानाची आठवण येत नाही. वर्षात तेवढेच दिवस.

फोंड्याहून, क्रीडा शिक्षिका

मुली मला टीचर म्हणतात. शंभर मीटर हर्डल्स शिकवते. मुलींचा अडथळा 84 सेंटीमीटरचा असतो, पण खरा अडथळा संध्याकाळी सहाच्या बसचा. ती चुकली की पुढची पाऊण तासाने, आणि आत गावात जाणारी मुलगी असेल तर घरून फोन सुरू. कितीतरी हुशार मुली मी बसपायी गमावल्या. एका वर्षी मी सराव दुपारी चारचा करायची परवानगी मागितली. वरून उत्तर आलं की लेक्चरच्या वेळेत खेळ नको. तेव्हा खूप रडले होते, आता नाही रडत. आता मुलींना माझ्या स्कूटरवरून दोन-दोन खेपा करून नाक्यावर सोडते.

मी जत्रेच्या नाटकात काम करते. आमच्या गावात देवळापुढच्या मांडवात दरवर्षी मराठी नाटक होतं, माझे आजोबा करायचे, वडील करायचे. पूर्वी स्त्री-भूमिकाही पुरुषच करायचे. माझी आत्या घरातली पहिली बाई, जी तोंडाला रंग लावून उभी राहिली. तिच्यानंतर मी.

अडचण एवढीच की जत्रा आणि स्पर्धा एकाच हंगामात. दिवसभर मैदानावर ओरडून घसा बसलेला आणि रात्री नऊला तालीम. तीन वर्षांपूर्वी स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी प्रयोग होता. आवाज अगदी गेला होता. आईने ज्येष्ठमध दिला आणि प्रयोगापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही अशी तंबी दिली. शिट्टी आणि हातवाऱ्यांवर मी सबंध स्पर्धा काढली. मुलींना वाटलं टीचर रागावल्यात! रात्री पडदा वर गेला आणि पहिलं वाक्य निघालं, ते खोल, घोगरं, माझं मलाच अनोळखी. भूमिका विधवा सासूची होती. लोक म्हणाले, असा आवाज कुठून आणलास.

रात्री अडीचला नाटक सुटलं. पुढच्या रांगेत माझ्या रिलेच्या चारही मुली बसल्या होत्या, त्यांच्या आयांना घेऊन आल्या होत्या. त्या आया मला पहिल्यांदाच भेटल्या. त्यातल्या एकीने तेव्हापासून मुलीला संध्याकाळी कधी फोन केला नाही.

धागाकर्ता: टीचर, हे वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. आणखी लिहा, मंडळी.

सत्तरीहून, कंत्राटी प्रशिक्षक

वय एकोणतीस. जूनमध्ये नेमणूक, मार्च-एप्रिलमध्ये संपते, पुढच्या जूनला पुन्हा अर्ज. एका ठिकाणी चार महिने पगार अडकला होता. तेव्हा मित्राच्या गाडीवर रात्री भाजी-पाव विकायला उभा राहिलो. माझ्याच भालाफेकीच्या पोरांनी येऊन खाल्लं आणि ताटल्या स्वतः विसळून ठेवल्या.

धागाकर्त्यांच्या त्या तरुण मित्राला माझं सांगणं, नेमणूक संपली की काजूच्या डोंगरावर ये. हंगाम नेमका तेव्हाच असतो. वडील आणि मी पहाटे निघतो. काठीच्या टोकाला खिळा ठोकलेला असतो, त्याने पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, टोचून उचलायचा, वाकावं लागत नाही. मग पिळून बी वेगळी करायची. बोंडू रसाला, बी विकायला. दहाच्या सुमाराला हात चिकट, अंगाला तो आंबूस-गोड वास, आणि भट्टीवरून हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास येत असतो. ताज्या नीऱ्याचा, म्हणजे बोंडूच्या रसाचा, एक तांब्या प्यायलो की ऊन लागत नाही.

वडील फारसे बोलत नाहीत. मी कॉलेजात नेमकं काय करतो ते त्यांना कधी नीट सांगितलं नव्हतं. यंदा त्यांनी आपण होऊन विचारलं, "भालो कितलो जड?" पुरुषांचा 800 ग्रॅम, मुलींचा 600. त्यांनी खिळ्याची काठी हातात तोलली, म्हणाले, ही साधारण तेवढीच असेल. आणि उताराकडे फेकली. मी खांदा कुठे हवा, कोपर कुठे हवं ते दाखवलं. आम्ही दोघं अर्धा तास काठी फेकत होतो. मला आठवतं तेव्हापासून वडील माझ्याबरोबर खेळलेले नव्हते.

चोडणहून, पंच (स्टार्टर)

वीस वर्षं धावण्याच्या शर्यतींना पिस्तूल उडवतो. बँकेत नोकरी होती, आता निवृत्त. कॉलेजच्या स्पर्धांना मानधन जेमतेम, पण बोलावणं आलं की जातो. 2023 मध्ये 37वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाली, तेव्हा बांबोळीच्या ट्रॅकवर पंचांच्या मदतीला होतो. तिथे धावपटू पाय टेकवतात त्या ब्लॉकना जोडलेलं यंत्र आवाजानंतर एक दशांश सेकंदाच्या आत पाय हलला तर पकडतं. कॉलेजात यंत्र नाही, माझे डोळे आहेत. "सेट" म्हटल्यावर आठ कंबरा वर येतात. त्या सगळ्या स्थिर होईपर्यंत थांबायचं, पण फार थांबलं तर कुणीतरी सुटणार. 2010 पासून पहिल्याच चुकीला बाद. एकोणीस वर्षांच्या पोराला बाद करताना अजूनही माझ्या पोटात कालवतं. एका मुलीला बाद केलं होतं, ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला शंका होती की तिच्या शेजारची आधी हलली. ती शंका आजही आहे.

म्हणून मी मासे गरवायला जातो. रायबंदरच्या फेरीधक्क्यापासून थोडं लांब, भरती चढताना. गरीला सुंगट, म्हणजे कोळंबी, लावायचं आणि बसायचं. शेवटो लागतो, काळुंदर लागते, नशीब असलं तर चोणक. फेरीबोट आली की पाणी हलतं, मग पुन्हा थांबायचं. इथे मला कुणाला बाद करायचं नसतं. लहान मासा आला तर पाण्यात सोडतो.

मडगावहून, प्रशिक्षकांची मुलगी

बाबा तीस वर्षं कॉलेजात ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक होते. दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना छंद नव्हता असं आम्ही सगळे म्हणायचो. हा धागा वाचताना आठवलं की होता.

रविवारी दुपारी जेवण झालं की ते खाटेवर पालथे पडून मराठी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. पेन्सिल कानावर. अडलं की मला हाक, "बाय, चार अक्षरी, नदीचा काठ?" मी आठ-नऊ वर्षांची. मला येत नसेल तर ते सांगायचे नाहीत, शब्दकोश पुढे सरकवायचे. सबंध आठवड्यात ते माझ्याशी बोलायचे ती तेवढीच वेळ, बाकी वेळ ते इतरांच्या मुलांचे होते. याचं मला तेव्हा फार वाईट वाटायचं, आणि ते मी इथे लिहितेय कारण धाग्यावर बरेच वडील आहेत असं दिसतं.

आज मी मराठी शिकवते. त्यांच्या कपाटात जुन्या पेपरांचा गठ्ठा निघाला. सगळी कोडी सोडवलेली, काहींत एखाद-दुसरा चौकोन रिकामा. त्या रिकाम्या चौकोनांच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, "बायला विचारणे".

धागाकर्ता: त्या मुलाला धाग्याचा दुवा पाठवला होता. काल रात्री त्याचा फोन आला. येत्या रविवारी तो सत्तरीला जाणार आहे. काजू आता संपले, पण डोंगर आहे, असं सत्तरीच्या प्रशिक्षकांनी त्याला कळवलंय. काठी तेच आणणार आहेत.