मदत हवी आहे: फ्रँचाइज लीगसाठी कॉर्नरबॅक निवडताना नेमके कुठले आकडे बघायचे?

नमस्कार मंडळी,

विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे, आणि तोही मॅडन या व्हिडिओ गेममधल्या ऑनलाइन फ्रँचाइजचा, म्हणजे मोसमामागून मोसम एक संघ चालवायचा. कॉर्नरबॅक म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरला अडवणारा बाहेरच्या बाजूचा बचावपटू. इथे हे खेळणारे थोडेच असतील, पण जे आहेत ते जीव लावून खेळतात हे जुन्या धाग्यांवरून कळलं, म्हणून विचारतो.

मी न्यू जर्सीत राहतो. आमच्या लीगमध्ये १४ माणसं आहेत, बाकीचे संघ संगणक चालवतो. नियम कडक आहेत: सिम्युलेशन स्टाइल, चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, उगाच जुगार नाही, एकच प्ले सारखा सारखा बोलवायचा नाही. थोडक्यात, खरा प्रशिक्षक जसा संघ चालवेल तसा चालवायचा. आमचा तिसरा मोसम आता सुरू होतोय.

माझा बचाव मुख्यतः कव्हर थ्री. म्हणजे मैदानाची खोली तिघांनी वाटून घ्यायची: दोन कॉर्नर बाहेरच्या तिहाईत, फ्री सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) मधे. मधूनमधून कव्हर टू, आणि तिसऱ्या डाउनला अंतर कमी असेल तर मॅन, म्हणजे प्रत्येकाने एकेक रिसीव्हर धरायचा.

गेल्या मोसमाआधी मी फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात) कॅपचा, म्हणजे पगाराच्या मर्यादेचा, मोठा घास देऊन ९१ ओव्हरऑलचा (एकूण गुणांकाचा) कॉर्नर आणला. स्पीड ९३, मॅन कव्हरेज ९०, प्रेस (रिसीव्हरला रेषेवरच रेटून धरणं) ८८. कागदावर बघून हरखून गेलो होतो. झोन कव्हरेज (नेमून दिलेला भाग राखणं) ७४ आणि प्ले रेकग्निशन (समोरचा डाव ओळखणं) ६८ आहे हे दिसत होतं, पण ९१ म्हणजे ९१ असं धरून चाललो. मोसमभर त्याच्याच बाजूने मार खाल्ला. कर्ल आणि कमबॅक रूटवर (पुढे पळून रिसीव्हर मागे वळतो तेव्हा) तो अजून मागेच पळत असायचा आणि रिसीव्हर वळून आरामात चेंडू घ्यायचा. प्ले अ‍ॅक्शनला (धावेची हूल देऊन केलेल्या पासला) तर दोनदा नुसता जागेवर उभा राहिला आणि दोन टचडाउन गेले. सात हरलो, त्यातले निदान तीन त्या बाजूने.

आता पुन्हा कॉर्नर घ्यायचाय आणि समोर तिघे आहेत.

पहिला २४ वर्षांचा. स्पीड ९६, अ‍ॅक्सिलरेशन ९५, मॅन ७०, झोन ६९, प्ले रेकग्निशन ५८. उंची पाच फूट नऊ इंच. ओव्हरऑल ७६, डेव्हलपमेंट (सुधारण्याचा वेग) स्टार.

दुसरा २८ वर्षांचा. स्पीड ८९, अ‍ॅक्सिलरेशन ९१, मॅन ७६, झोन ९०, प्ले रेकग्निशन ८९, टॅकल ६८. सहा फूट एक इंच. ओव्हरऑल ८७, डेव्हलपमेंट नॉर्मल.

तिसरा ड्राफ्टमधला (नवख्यांच्या निवडीतला) २२ वर्षांचा पोरगा. सहा फूट दोन इंच, स्पीड ९२, प्रेस ८५, मॅन ७४, झोन ७१, प्ले रेकग्निशन ५५. डेव्हलपमेंट अजून झाकलेली.

एकालाच घेऊ शकतो. कॉर्नरसाठी कुठला आकडा आधी आणि कुठला नंतर, हे कुणी अनुभवातून सांगेल का? गेल्या वर्षीची चूक परत करायची नाही.

प्रतिसाद १

आधी एक सांगा, सामने तुम्ही स्वतः हातात कंट्रोलर घेऊन खेळता, की प्ले बोलावून संगणकाला खेळू देता? सगळं उत्तर त्यावर अवलंबून आहे. बचावात तुम्ही ज्या खेळाडूला स्वतः पळवता त्याचे कव्हरेजचे आकडे जवळजवळ बाजूला पडतात, कारण कुठे उभं राहायचं हे तुमचा अंगठा ठरवतो. तेव्हा त्याचा वेग आणि वळण्याची चपळाई तेवढी उरते. पण संगणक ज्याला पळवतो त्याचा कव्हरेज आणि प्ले रेकग्निशन हाच मेंदू.

दुसरं, ओव्हरऑलचा आकडा. कॉर्नरचे तीन साचे असतात: मॅन टू मॅन, झोन आणि स्लॉट (आतल्या बाजूच्या रिसीव्हरसमोरचा). समोर दिसणारा आकडा त्या खेळाडूच्या सगळ्यात चांगल्या साच्यातला असतो. तुमचा ९१ हा मॅन टू मॅनमधला ९१ होता. त्याच्या पानावर आत जाऊन झोनचा आकडा बघा, बराच खाली असणार. म्हणजे तुम्ही चांगलाच खेळाडू विकत घेतलात, आणि त्याला दुसऱ्याच कामाला लावलंत.

प्रतिसाद २

माझं मत वेगळं आहे. पहिला घ्या, डोळे झाकून.

कव्हरेज शिकवता येतं. स्किल पॉइंट मिळत जातात, त्या साच्यात घालत राहिलं की ६९ चं झोन दोन मोसमांत ८० पर्यंत येऊ शकतं, त्यात स्टार डेव्हलपमेंट. वेग मात्र येताना आईच्या पोटातूनच घेऊन यावा लागतो. आणि २८ च्या माणसाचा ८९ वेग पुढच्या दोन वर्षांत खाली घसरायला लागेल, तेव्हा ९० चं झोन घेऊन तो रिसीव्हरच्या पाठीकडे बघत बसेल.

उंचीचं फार मनावर घेऊ नका. वॉशिंग्टनचा डॅरेल ग्रीन जेमतेम पावणेसहा फुटांचा, १९८३ पासून २००२ पर्यंत वीस मोसम एकाच संघाकडून कॉर्नर खेळला. इतकी वर्षं टिकला तो पायांच्या जोरावर.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. राहूनच गेलं सांगायचं: आम्ही कोच मोडमध्ये खेळतो. मी प्ले निवडतो, खेळाडू सगळे संगणक पळवतो. म्हणजे पहिल्या प्रतिसादाप्रमाणे कव्हरेज आणि रेकग्निशन हेच मुख्य, असं धरू का?

आणि हो, बघितलं. त्याचा झोन साच्यातला आकडा ८१ आहे. वर्षभर हे पान उघडून बघायचं सुचलं नाही याचं वाईट वाटतंय.

प्रतिसाद ३

कोच मोड असेल तर मी दुसऱ्याच्या बाजूने. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे.

मी शाळेत कबड्डीत डावा कोपरारक्षक होतो. आमचे सर म्हणायचे की कोपऱ्यातल्याने चढाईपटूच्या डोळ्यांकडे बघू नये, कमरेकडे आणि पायांकडे बघावं. हुलकावणी डोळ्यांनी आणि हातांनी दिली जाते, कंबर खोटं बोलत नाही. फुटबॉलचा कॉर्नर पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा मला हेच आठवलं. समोरचा वेगवान असतोच. तो कुठे जाणार हे अर्धा क्षण आधी कळलं तर तुमचा वेग थोडा कमी असला तरी चालतं. गेममध्ये हा अर्धा क्षण म्हणजे प्ले रेकग्निशन.

१ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, आठवा. सिएटल एका यार्डावर उभं, २६ सेकंद बाकी, पॅट्रियट्स २८-२४ ने पुढे. एका बाजूला दोन रिसीव्हर एकामागे एक. पॅट्रियट्सचा कॉर्नर माल्कम बटलरला, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं, ती रचना ओळखीची वाटली. सरावात त्याच प्लेवर तो फसला होता. चेंडू सुटायच्या सुमारास तो निघालेला होता, रिसीव्हरच्या आधी पोचला आणि इंटरसेप्शन, समोरच्यांचा पास यानेच झेलला.

पण त्या प्लेत आणखी एक कॉर्नर आहे आणि त्याच्याबद्दल लोक कमी बोलतात. ब्रँडन ब्राउनर, सहा फूट चार इंच. पुढच्या रिसीव्हरला त्याने रेषेवरच धरून ठेवलं, तसूभर हलू दिलं नाही. पुढच्याने बटलरची वाट अडवायची हा त्या प्लेचा डाव होता. त्याला हलताच आलं नाही म्हणून बटलरला मोकळी वाट मिळाली. म्हणजे एकाच प्लेमध्ये एकाचा प्रेस आणि दुसऱ्याचं रेकग्निशन, दोन्ही लागले. प्रेस निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण तो आकडा फक्त कॉर्नर रिसीव्हरच्या तोंडासमोर उभा असेल तेव्हाच कामाला येतो, आणि तेव्हाही समोरच्याच्या रिलीजशी (रेषेवरून सुटण्याच्या आकड्याशी) त्याची गाठ असते. कव्हर थ्रीमध्ये तुम्ही कॉर्नरला सात-आठ यार्ड मागे उभं करत असाल तर तिसऱ्या पोराचा ८५ प्रेस नुसता शोभेला.

तुमचा ९१ वाला बघून मला नम्डी असोमुआ आठवला. ओकलंडमध्ये तो एका बाजूला उभा राहायचा, तोंडासमोर, मॅनमध्ये, आणि क्वार्टरबॅक त्या बाजूला बघायचेसुद्धा नाहीत. २०११ मध्ये फिलाडेल्फियाने पाच वर्षांसाठी मोठा करार करून नेला, वेगवेगळ्या जागी आणि वेगळ्या पद्धतीने खेळवला, आणि दोन मोसमांत सोडून दिला.

उलट बाजू रिचर्ड शर्मनची. २०११ ला पाचव्या फेरीत, १५४ वा. चाळीस यार्डाला साडेचार सेकंदांहून जास्त वेळ, कॉर्नरच्या मानाने साधाच. पण सहा फूट तीन इंच उंची, कॉलेजात काही वर्षं स्वतः रिसीव्हर खेळलेला, त्यामुळे रूट आतून माहीत. सिएटलने त्याला कव्हर थ्रीमध्ये डाव्या बाजूला उभं केलं आणि २०१३ मध्ये ८ इंटरसेप्शनसह तो लीगमध्ये पहिला आला. तुमच्या दुसऱ्या खेळाडूचे आकडे त्या वळणाचे आहेत.

वेगाबद्दल माझा हिशेब असा: तो उंबरठा आहे. कव्हर थ्रीच्या बाहेरच्या कॉर्नरला खोल रूटबरोबर पळावंच लागतं, त्यामुळे ८८ च्या खाली मी जात नाही. ८८ ओलांडलं की मग झोन कव्हरेज, मग प्ले रेकग्निशन, मग अ‍ॅक्सिलरेशन, मग उंची आणि जंपिंग. मॅन खेळणाऱ्याचा क्रम वेगळा: मॅन कव्हरेज, वेग, अ‍ॅक्सिलरेशन, चेंज ऑफ डिरेक्शन, प्रेस. मॅनमध्ये समोरच्याचं रूट रनिंग तुमच्या आकड्याशी भिडतं, आणि रिसीव्हर वळला की त्याच्याबरोबर वळता आलं पाहिजे. नुसता सरळ धावणारा तिथे फसतो.

प्रतिसाद ४

वरच्याशी सहमत, पण टॅकलकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलंय. धागाकर्ते कव्हर टू पण खेळतात. त्यात कॉर्नर फ्लॅटमध्ये (रेषेजवळच्या बाहेरच्या पट्ट्यात) असतो, बाहेरून येणारी धाव त्यालाच आत वळवायची असते, स्क्रीन पास त्याच्याच अंगावर येतो. पन्नासच्या टॅकलचा कॉर्नर तिथे चार यार्डाचे चौदा करून देतो. टँपा बेचा रोंडे बार्बर हा या कामाचा आदर्श: पाच फूट दहा इंच, ४७ इंटरसेप्शन आणि कॉर्नर असून २८ सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं). आम्ही त्याचे जुने सामने लावून बघतो, नुसतं तो धावेच्या वेळी कुठे उभा राहतो ते पाहण्यासाठी.

दुसऱ्याचा ६८ टॅकल कॉर्नरच्या मानाने चांगला आहे.

प्रतिसाद २

ठीक, कोच मोडबद्दल माहीत नव्हतं, मी स्वतः खेळतो त्या हिशेबाने लिहिलं. तरी एक सांगतो. दुसरा घ्याल तर करार दोन वर्षांच्या वर करू नका. वेग उतरायला लागला की झोनचा कॉर्नरही उंबरठ्याखाली जातो. आणि झोन स्कीम असेल तर झोन साच्यातल्या तरुणांना स्कीम फिटमुळे (संघाच्या पद्धतीत बसत असल्याने) जास्त अनुभव मिळतो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या फेरीत एखादा झोनचा पोरगा घेऊन त्याच्या मागे तयार करत राहा.

धागाकर्ता

मंडळी, दुसरा घेतला. दोन वर्षांचा करार, आणि पाचव्या फेरीत झोन साच्याचा एक पोरगाही घेतला.

चार सामने झाले, इथे लिहायचं कबूल केलं नव्हतं तरी लिहितो, कारण तुम्ही एवढा वेळ दिलात. कर्ल आणि कमबॅकवर फरक डोळ्यांना दिसतो. रिसीव्हर वळायला लागला की हा आधीच पाय रोवून पुढे येत असतो. दोन इंटरसेप्शन झाले, दोन्ही कव्हर थ्रीमध्ये. तिसऱ्या सामन्यात ९७ स्पीडच्या रिसीव्हरने त्याला एकदा सरळ रेषेत मागे टाकलं, टचडाउन गेला. तो उंबरठा का ठेवायचा हे तिथे कळलं. पुढच्या सामन्यापासून समोर असा रिसीव्हर असेल तेव्हा सेफ्टी त्या बाजूला झुकवतोय.

९१ वाल्याला विकायला निघालो होतो, पण असोमुआचं वाचून थांबलो. आता तो फक्त तिसऱ्या डाउनला मैदानात उतरतो, मॅन कव्हरेजमध्ये, तोंडासमोर उभा राहून, समोरच्या सगळ्यात चांगल्या रिसीव्हरवर. चार सामन्यांत त्याच्यावर पूर्ण झालेले पास मोजके आहेत. इतकी कॅप अर्ध्याच प्लेंसाठी अडकवून ठेवणं परवडतं का, हे मोसमाअखेर ठरवेन.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. निकेलमध्ये (मागच्या फळीत पाच जण असतात त्या रचनेत) पाचवा बचावपटू म्हणून स्लॉटवर कोण उभा करायचा? माझ्याकडे तिथे सध्या पाच फूट दहा इंचाचा एक आहे, चेंज ऑफ डिरेक्शन ९१ पण टॅकल ४९. आतल्या बाजूने धाव आली की तो आडवा पडतो. बार्बरसारखा कुणी स्वस्तात मिळत नसेल तर तिथे एखादा लहानखुरा स्ट्राँग सेफ्टी लावून बघितलाय का कुणी?

प्रतिसाद ४

मी लावलाय, दोन मोसम. स्पीड ८७ च्या वर आणि मॅन ७० च्या वर असलेला सेफ्टी मिळाला तर धावेविरुद्ध जीवात जीव येतो. आत झटकन वळणाऱ्या रिसीव्हरपुढे मात्र तो मार खातो, तेव्हा समोर स्लॉटला असा कुणी असेल त्या सामन्यापुरता तुमचा तो पाच फूट दहा इंचाचा, चेंज ऑफ डिरेक्शन ९१ असलेलाच ठेवा. तुमच्या पुढच्या सामन्यात समोर कोण आहे ते लिहा, त्यांच्या रिसीव्हरचं शॉर्ट रूट रनिंग बघून सांगतो.